आधी आजीपाशी बस

हे बघ, आधी ते जाड पुस्तक मिटून बाजूला ठेव आणि घोटभर पाणी पी. पहिल्याच आठवड्यात ऑगस्ट कॉम्त, एमिल दुर्खीम, मॅक्स वेबर अशी नावं एकामागून एक अंगावर आली. वर्गात शिकवणं कन्नडमधून, ग्रंथालयातली पुस्तकं इंग्रजीत आणि तू दहावीपर्यंत मराठी शाळेतली. मग ‘मला हे झेपणार नाही, विषय बदलून घेऊ का?’ असं वाटणारच गं. बदलू नकोस. खरं सांगू का, समाजशास्त्राला लागणारा कच्चा माल तुझ्या घरात जेवढा पडलाय, तेवढा शहरातल्या पोरींना शोधूनही सापडायचा नाही. बाहेरची शिकलेली माणसं वही-पेन घेऊन उत्तर कन्नडातल्या आपल्या सुप्याच्या रानात येतात ती याच गोष्टी विचारायला. तू तर इथेच जन्मलीस. तेव्हा नावांना घाबरू नकोस, ती दोन महिन्यांनी आपोआप ओळखीची होतात.

विषय काय आहे ते आधी साध्या भाषेत सांगते. तुमच्या वाड्यावरचा तो पस्तिशीला आलेला दादा आठव, ज्याचं लग्न जमत नाही. घरोघरी काय बोलतात त्याच्याबद्दल? नशीब खोटं, स्वभाव तिरसट, शाळा अर्धी टाकली. असेल तसं. पण तुमच्या वाड्यावर असे बिनलग्नाचे किती आहेत ते बोटांवर मोज. मग पलीकडच्या वाड्यावरचे मोज. एकाचंच जमत नसेल तर स्वभावाचं बोलू. पण एक घर सोडून एक असा मुलगा निघाला, तर सगळेच तिरसट कसे? मग प्रश्न बदलतो. पावसाळ्यात तिथं गाडी जाते का? फोनला रेंज आहे का? जमिनीचा उतारा कोणाच्या नावावर आहे, की जमीन वनखात्याचीच? मुली शिकून गोव्याला, बेळगावला कामाला लागल्या, त्यांना परत रानात यावंसं वाटेल असं इथं काय उरलंय? आणि मुलीचे आईबापच ‘तिकडे आतल्या गावात नको’ का म्हणतात?

हा जो प्रश्न बदलला ना, तिथून समाजशास्त्र सुरू होतं. सी. राइट मिल्स नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने 1959 साली एका पुस्तकात हेच मांडलं. एका शहरात एकच माणूस बेकार असेल तर त्याचं कसब बघावं, त्याची चिकाटी बघावी. लाखो बेकार असतील तर एकेकाचा स्वभाव तपासत बसण्यात अर्थ नाही, मग तिथला धंदा, बाजार आणि राज्यकारभार तपासायचा. आपली घरातली अडचण आणि सगळ्यांची अडचण यांचा सांधा शोधायचा, एवढंच तो म्हणतो. त्याचं हे पुस्तक तुला पहिल्याच सत्रात लागेल. तेव्हा तो वाड्यावरचा दादा डोळ्यासमोर ठेवून वाच, बघ कसं भराभर समजतं ते.

आता यावरून ‘माणसाच्या हातात काहीच नाही’ असा अर्थ मात्र काढू नकोस हां. तो दादाही काही करू शकतो, तूही करू शकतेस. फक्त कुणाच्या पायात किती वजन बांधलेलं आहे हे आधी बघायचं, मग तो का धावत नाही म्हणून बोलायचं.

तुझी दुसरी तक्रार मला माहीत आहे. सकाळी उठून पाणी भरायचं, भांडी, झाडलोट, धाकट्याचा डबा, आणि मग बस गाठायची. भाऊ मात्र उठून थेट आंघोळीला. तू चिडतेस, आई म्हणते ‘मुलीच्या जातीला सवय हवी’, आणि दिवस तिथेच नासतो. आता जरा थंड डोक्याने बघ. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने 2019 साली देशभर एक पाहणी केली, माणसांचा दिवस कशात जातो याची. घरकाम करणाऱ्या बायकांचा रोजचा सरासरी वेळ निघाला 299 मिनिटं, म्हणजे जवळजवळ पाच तास. पुरुषांपैकी मुळात घरकामाला हात लावणारेच चारात एक, आणि जे लावतात त्यांची 97 मिनिटं. बघितलंस? तुझी आई काही तुझ्या वाईटावर नाही. तिलाही हेच शिकवलेलं आणि तिच्या आईलाही. म्हणून तिच्याशी भांडून फार काही हाती लागत नाही. तिला ते 299 मिनिटांचं सांग, आणि मग तिच्याच दिवसाचा हिशेब दोघी मिळून मांडा. आपलं काम कुणीतरी मिनिटांत मोजलं याचं बाईला केवढं अप्रूप वाटतं, ते तुला तिच्या चेहऱ्यावर दिसेल.

याच्याच जोडीला एक गोष्ट लक्षात ठेव. जनगणनेत जी बाई ‘घरकाम’ सांगते ती ‘काम न करणारी’ या रकान्यात जाते. आपल्याकडे लावणीला दिवसभर चिखलात वाकणारी बाई दारात आलेल्या माणसाला काय सांगते? ‘मी काय, घरीच असते.’ झालं, तिची सगळी शेती कागदावरून पुसली गेली. म्हणून आकडा वाचताना तो कोणी, कोणाला, कसा प्रश्न विचारून मिळवला हे आधी विचारत जा. ही सवय पहिल्या वर्षीच लावून घे, पुढे फार उपयोगी पडते.

कुटुंब या धड्यापाशी तू अडलीस म्हणालीस. व्याख्या पाठ होत नाही ना? पाठ करूच नकोस, घरात बघ. इरावती कर्व्यांनी 1953 साली भारतातल्या नातेसंबंधांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात एकत्र कुटुंबाची जी ओळख त्यांनी सांगितली ती आपल्या अगदी ओळखीची आहे. एका छपराखाली राहणारी, एका चुलीवर शिजलेलं खाणारी, मिळकत एकत्र असलेली आणि देवकार्य एकत्र करणारी नात्यातली माणसं. आता तुमच्या मोठ्या घराकडे बघ. छप्पर एक. चुली किती? मागच्या खेपेला गेले तेव्हा काकूने मागच्या पडवीत वेगळी चूल मांडलेली होती. रेशनकार्डं किती? बहुतेक तीन. जमिनीवर नाव? अजून आजोबांचंच असेल. आणि गणपती? तो एकच, मोठ्या घरात. मग सांग बघू, हे कुटुंब एक की तीन? चुलीप्रमाणे एक उत्तर येतं, कार्डाप्रमाणे दुसरं आणि गणपतीप्रमाणे तिसरं. परीक्षेच्या पेपरात एवढं लिहिलंस तरी तपासणारा चष्मा पुसून पुन्हा वाचेल.

आणि हा नुसता पेपरातला खेळ नाही बरं का. आपल्याकडे काळी व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतल्या गावांना स्वखुशीने बाहेर पडायचं असेल तर कुटुंबामागे पैसे मिळतात. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या योजनेत ते 2008 पासून 10 लाख होते, 2021 मध्ये 15 लाख झाले. पण कुटुंब म्हणजे कोण? त्या योजनेत 18 वर्षांवरचा मुलगा, लग्न झालेला असो वा नसो, वेगळं कुटुंब धरतात. 18 वर्षांवरची बिनलग्नाची मुलगीही वेगळी धरतात, आणि विधवा व घटस्फोटित बाईही. लग्न होऊन गेलेली मुलगी मात्र माहेरच्या हिशेबात कुठेच नाही. आता विचार कर, अशा गावात यादी व्हायच्या आधी मुलीचं लग्न ठरवायचं की नंतर, याची घरात चर्चा होईल की नाही? कार्यालयातल्या एका व्याख्येवरून कुणाच्या मांडवाची तारीख हलू शकते. व्याख्या म्हणजे कोरडी गोष्ट असं आता पुन्हा म्हणू नकोस.

लग्नाचा विषय निघालाच आहे तर तुझ्या पोटातलं बोलते. घरी स्थळांची कुजबुज सुरू आहे आणि ‘आपल्यातलाच’ हा शब्द रोज कानावर पडतोय, बरोबर? बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकत होते तेव्हा मे 1916 मध्ये त्यांनी जातींवर एक निबंध वाचला. वय पंचवीस वर्षांचं. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावण्याने, आणि ती चौकट सांभाळण्यासाठी सगळा भार बाईवर टाकला जातो, सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह हे सगळं त्यासाठीच, असं त्यांनी दाखवून दिलं. तो निबंध लहान आहे आणि मराठीतही मिळतो. वाचच. तुझ्या लग्नाबद्दल घरात एवढी घाई का असते, हे तुला त्यातून नीट उमगेल. वाचून लगेच स्वयंपाकघरात भाषण ठोकू नकोस. शिक्षण पुरं होईपर्यंत थांबा, एवढंच ठामपणे सांग. गरज पडली तर मला फोन लाव, मी तुझ्या आईशी बोलेन.

आता आपल्या सुप्याकडे येऊ. तालुका आता जोयडा म्हणून ओळखला जातो, पण म्हातारी माणसं अजून ‘सुप्याचे आम्ही’ म्हणतात. काळी आणि पांढरी नदीच्या संगमावरचं ते गाव, तालुक्याचं ठाणं, 1980च्या दशकात धरणाखाली गेलं. गणेशगुडीला 101 मीटर उंचीची भिंत उभी राहिली, कचेऱ्या जोयड्याला हलल्या, पुष्कळ माणसं रामनगरला येऊन वसली. तू रामनगरच्या घरात जन्मलीस म्हणून तुला ते पहिल्यापासून तसंच वाटतं, सरळ रस्ते, आखलेले प्लॉट. पण आजीला विचारून बघ, शेजारी कोण आले आणि कोण नाही आले. जुन्या गावात ज्या घराची आणि तुमच्या घराची भिंत एक होती, ते घर इथं कुठल्या गल्लीत गेलं? का गेलं? प्लॉट कुणी ठरवले?

पुरुषांना धरणाचं विचारलं की ते भरपाईचे आकडे सांगतात, कोर्टाच्या तारखा सांगतात. ते लिहून घे, ते हवंच. पण बायकांना वेगळं विचार. पाणी कुठून आणायचात? बाळंतपणाला कोण यायची? ती सुईण कुठल्या गावाला गेली? सणाला कुणाच्या परसातली फुलं आणायचात? उसने तांदूळ मागायला हक्काने जावं असं घर इथं मिळायला किती वर्षं लागली? भरपाई कागदावर ज्याचं नाव त्याला मिळते. या गोष्टी कुणाच्याच नावावर नसतात, म्हणून त्यांचा हिशेब कुणी मांडत नाही. आणि हेही विचार, धरणाची वीज कुठे कुठे गेली आणि आपल्या आतल्या वाड्यांवर पहिला दिवा कधी लागला.

हे असलं विचारणं म्हणजे अभ्यास नव्हे असं वाटतंय का तुला? मग ऐक. कोयना धरणाने उठवलेल्या माणसांचं पुढे काय झालं, याची पाहणी इरावतीबाईंनी आणि त्यांची लेक जाई निंबकर यांनी मिळून केली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने ती 1969 साली छापली. मायलेकींनी विस्थापितांचं म्हणणं कागदावर आणलं, तेही आपल्या सुप्याचं धरण होण्याच्या कितीतरी आधी. मला नेहमी वाटतं, कोयनेचं असं लिहून ठेवलेलं असताना सुप्याच्या वेळी ते कुणी उघडून बघितलं असेल का? आपल्या बाजूने बोलणारं असं एखादं जाड बाड सुप्यासाठीही व्हायला हवं गं, आणि ते आपल्यातल्याच कुणीतरी करायला हवं. मी तुझ्यावर डोळा ठेवून आहे म्हण हवं तर.

आता जे सांगणार आहे ते जरा सावकाश वाच, कारण तुमच्या घराशी त्याचा थेट संबंध आहे. तुम्ही कुणबी. तुझी मावशी घाट उतरून गोव्यात सांगे तालुक्यात दिली, तेही कुणबीच. तेच कुलदैवत, तीच बोली, तेच कणगं-करांद्याचे कंद, शिगम्याला तीच गाणी. पण 2003 साली एका कायद्याने गोव्यातल्या कुणबी, गावडा आणि वेळीप यांना अनुसूचित जमातीत घेतलं गेलं. त्याच कायद्याने आपल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींनाही ती मान्यता मिळाली, आणि ती मिळायलाच हवी होती. आपल्याकडच्या कुणब्यांना मात्र नाही. वर्षानुवर्षं मागणी आहे, निवेदनं आहेत, मोर्चे आहेत. म्हणजे तुझ्या मावसबहिणीच्या कॉलेजच्या अर्जात एक खाना, तुझ्या अर्जात दुसरा. आजी एकच, नाती दोन, आणि मधे राज्याची सीमा. 1956 पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता, 1 नोव्हेंबरला म्हैसूर राज्यात गेला. सीमा आखणाऱ्यांच्या डोक्यात तुझी मावशी नव्हती, तू नव्हतीस. पण कागदावरची रेघ माणसाच्या ताटापर्यंत कशी पोचते ते बघ.

कशी पोचते, तेही सांगते. 2006 साली वनहक्क कायदा झाला. रानात राहून कसणाऱ्याला त्या जमिनीवर हक्क मिळावा म्हणून. अनुसूचित जमातीच्या माणसाने 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून ती जमीन आपल्या ताब्यात आहे एवढं दाखवायचं. जो जमातीच्या यादीत नाही, त्याने मात्र त्या तारखेआधीच्या तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, इथेच राहत असल्याचं दाखवायचं. मागे मोज, 1930 येतं. ब्रिटिशांच्या वनखात्याने कुमरी म्हणजे फिरत्या शेतीवर निर्बंध घातले, रानातून रानात हलणारी माणसं, त्यांच्या हातात 1930 चा कुठला कागद असणार? त्यात पुन्हा अर्धा मुलूख पाण्याखाली. तुझे बाबा कचेरीतून रिकाम्या हाताने येतात आणि गप्प बसतात, तेव्हा तुला वाटतं त्यांना बोलता येत नाही म्हणून काम होत नाही. तसं नाही गं. त्यांच्याकडे जे मागितलं जातंय ते मागणाऱ्या कायद्याला, कागद न ठेवणाऱ्या माणसांच्या आयुष्याची पुरती कल्पनाच नाही.

पण थांब, निराश होऊ नकोस, इथेच तुझं काम आहे. त्याच कायद्याच्या नियमांत पुरावा म्हणून काय काय चालतं याची यादी आहे. नुसते सरकारी कागदच लागतात असं नाही. दावा करणाऱ्याखेरीज गावातल्या वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं म्हणणं चालतं. जुनी विहीर, स्मशानाची जागा, देवाची जागा, घातलेला बांध, हे चालतं. जुन्या नोंदीतल्या माणसापर्यंत पोचणारी वंशावळ चालते. आता सांग, ही माहिती कुणाकडे आहे? तलाठ्याकडे नाही. तुझ्या आजीकडे आहे, तिच्या जावेकडे आहे, देवळाच्या गावकराकडे आहे. म्हणून म्हणते, पुस्तक उघडण्याआधी आजीपाशी बस. पणजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, कोण कुठल्या वाड्यावरून आलं, कुणाला कुठे पुरलं, कुठल्या झाडाखालच्या देवाला कोण नारळ द्यायचं. एक मोठा कागद घेऊन वंशवृक्ष काढ. आणि त्यात बायकांची नावंही घाल हं, माहेरच्या गावासकट. नुसते पुरुष लिहून अर्धंच झाड तयार होतं, आणि कोण कुठून आलं याचा धागा बहुतेक वेळा बायकांकडूनच सापडतो.

आजीशी बोलताना एक काळजी. म्हातारी माणसं जुनं गाव फार गोड करून सांगतात. सगळे मिळून-मिसळून होते, कशाची वाण नव्हती. तिचं खोटं नसतं, पण ते तिच्या ओट्यावरून दिसलेलं सुपा असतं. बाजारात मासळी घेऊन बसणारीला विचार, गवळ्यांच्या वाड्यावरच्या बाईला विचार, सिद्दी आजोबांना विचार. कोण कुणाच्या विहिरीवर पाणी भरत होतं आणि कोण लांब उभं राहत होतं, ते त्यांच्याकडून कळेल. गोधडीची उलटी बाजू बघितल्याशिवाय टाके कळत नाहीत, तसंच हे.

यात मोठमोठ्यांनाही मर्यादा पडल्या. म्हैसूरजवळच्या रामपुरा गावात एम. एन. श्रीनिवास 1948 साली जाऊन राहिले. पाटलाच्या घरी उतरलेले, जातीने ब्राह्मण. त्यामुळे गावातल्या बायका आणि दलित आपल्याला तेवढे उलगडले नाहीत, हे त्यांनीच प्रांजळपणे लिहून ठेवलंय. पुढे 24 एप्रिल 1970 ला अमेरिकेत स्टॅनफर्डला त्यांच्या अभ्यासिकेला आग लागली आणि वर्षानुवर्षं तयार केलेली टिपणं जळाली. माणूस खचला असता. त्यांनी आठवणीवर पुस्तक लिहिलं, ‘द रिमेम्बर्ड व्हिलेज’, 1976 साली ते आलं. बुडालेल्या गावच्या माणसांना ते पुस्तक जरा जास्तच लागतं, मी अनुभवाने सांगते. इंग्रजी सोपं आहे, एकेक प्रकरण सुटं वाचलंस तरी चालेल.

आणि इरावतीबाई, श्रीनिवास ही माणसं कुठून तयार झाली माहितीये? मुंबई विद्यापीठात 1919 साली समाजशास्त्राचा विभाग निघाला, पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली. 1924 पासून तो गोविंद सदाशिव घुर्ये यांनी सांभाळला. घुर्ये मालवणचे. इरावतीबाई त्यांच्याच विद्यार्थिनी, श्रीनिवासही त्यांचेच विद्यार्थी. म्हणजे या विषयाचं आपल्या देशातलं मोठं घराणं आपल्या किनाऱ्यावरच्या एका माणसाने उभं केलं. तेव्हा दुर्खीम-वेबर परके वाटले तरी विषय परका नाही, बाय.

आता दोन-तीन कामाच्या गोष्टी, नीट ऐक. लोकांशी बोलायला जाशील तेव्हा आधी सांगायचं, मी कॉलेजच्या अभ्यासासाठी विचारतेय, नको असेल तर नका सांगू. फोनवर आवाज घ्यायचा असेल तर विचारून घ्यायचा, फोन ओढणीखाली लपवायचा नाही. प्रकल्पात माणसांची खरी नावं घालू नकोस. जमिनीचं, जंगलातून काय आणतात त्याचं, घरच्या भांडणाचं जे कुणी विश्वासाने सांगितलं ते चुकीच्या हातात पडलं तर त्या माणसाला त्रास होतो, आणि तू तर उद्याही त्याच गावात राहणार आहेस. वनहक्काच्या दाव्यासाठीचं टिपण वेगळ्या वहीत ठेव, तिथे खरी नावं लागतातच. ती वही ग्रामसभेच्या वनहक्क समितीत जाईल, कॉलेजात नाही. एकटीने आडवाटेच्या वाड्यावर जाऊ नकोस, धाकट्याला घे बरोबर. तेवढाच त्याचाही अभ्यास.

डोळे असे उघडले की पहिले काही महिने माणसाला सगळ्याचा राग येतो. जेवायला बसलं तरी कोण आधी बसलं, कोण उरलंसुरलं खातंय, तेच दिसतं. येऊ दे राग. पण तो आईवर, काकूवर काढू नकोस. त्या बिचाऱ्या त्याच रांगेत तुझ्यापुढे उभ्या आहेत. रात्री वहीत उतरवून काढ, तारीख घालून. वर्षाने तीच वही तुझा प्रकल्प होईल.

बाबा विचारतील, याने नोकरी मिळते का? त्यांना सरळ सांग. शिक्षिका होता येतं, समाजकार्याला जाता येतं, स्पर्धापरीक्षेत हा विषय घेता येतो, पाहणी करणाऱ्या संस्थांना कन्नड, मराठी आणि कोकणी तिन्ही बोलणारी मुलगी हवीच असते. आणि हेही सांग, की वनहक्काचा दावा नीट लिहून देणारं माणूस घरातच तयार होतंय. या दुसऱ्या वाक्यावर ते बहुधा मान हलवतील.

राहिली भाषा. एका वहीला तीन रकाने पाड, कन्नड, इंग्रजी, मराठी. रोज पाच शब्द, जास्त नको. समोर व्याख्या लिहू नकोस, आपल्या गावातलं एक उदाहरण लिही. उत्तरपत्रिकेतही तसंच कर. व्याख्या दोन ओळीत आटप आणि मग काकूची चूल, रेशनकार्ड, मावसबहिणीच्या अर्जातला खाना, जे बसेल ते मांड. वेलांटी-उकार चुकतील म्हणून थांबू नकोस. तुझ्या वर्गात हळियाळची ती मैत्रीण आहे ना, कन्नड सुंदर लिहिणारी, तिच्याकडून पान तपासून घे आणि बदल्यात तिला जमीन-जुमल्याच्या बाबतीतले मराठी शब्द समजावून दे, तिच्या घरचे जुने उतारे मराठीत असतील तर तिलाही तेच हवं असेल. पहिलं पान झालं की फोटो काढून मला पाठव. जेवून झोप आता, सकाळची बस लवकर असते.